दिवंगत दगडूबांच्या भेटीला

माणूस गेला असं आपण छापून मोकळं व्हावं आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच्याच घरून 'या' म्हणून बोलावणं यावं, असा योग फार थोड्या प्रवाशांच्या नशिबी येत असेल. माझ्या आला. १९९६ सालच्या फेब्रुवारीत मी जालना जिल्ह्यात चार दिवस हिंडले ती त्यापायी. वेरूळ, अजिंठा सगळं त्याच बाजूला होतं, पण तिकडे वळायची माझी छाती झाली नाही. अपराधी माणसाने लेणी बघत फिरू नये.

थोडं मागचं सांगायला हवं. मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तो मी जरा जास्तच आवडीने करते असं माझे सहकारी म्हणतात. संध्याकाळी घरी आलं की रेकॉर्डी. थोरला भाऊ परदेशी जाताना खोकंभर रॉकच्या रेकॉर्डी मागे ठेवून गेला होता. विकण्याआधी एकदा ऐकाव्यात म्हणून लावल्या आणि विकायच्या राहूनच गेल्या. आधी त्या गिटारींचा गदारोळ आवडला. मग त्या गदारोळाच्या मुळाशी काय आहे हे शोधता शोधता कापसाच्या शेतांतली, चर्चमधली, रेल्वेच्या कामावरची साधी गाणी सापडली, आणि मी पुरती बिघडले. एका लहानशा त्रैमासिकात 'ऐकायचे राहिलेले अल्बम' हे सदर मी लिहिते. वाचक बोटांवर मोजण्याइतके, पण कडक.

जानेवारीच्या अंकात मी पहिल्यांदाच घरचा अल्बम घेतला. आमच्या छापखान्यातल्या बाइंडरची सासुरवाडी अंबडची. तिकडून त्याने एक कॅसेट आणली होती. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे दगडूबा आणि त्यांनी गायलेली रेणुकेची गाणी. एक आवाज, एक संबळ, एक तुणतुणं आणि मागून झील धरणारा, म्हणजे गाणाऱ्याची ओळ उचलून परत फेकणारा दुसरा एक आवाज. बस. पंखा बंद करून, खोलीचं दार लावून केलेलं रेकॉर्डिंग, तरी तिसऱ्या गाण्यात रिक्षाचा हॉर्न ऐकू येतोच. पण काय गाणं होतं ते! तुणतुण्याची ती एक तार अशी ओढत, वाकवत नेलेली की भल्या भल्या गिटारवाल्यांनी वही घेऊन बसावं. मी त्या रात्री कॅसेट तीनदा ऐकली आणि एका बैठकीत लेख लिहिला.

कव्हरावर दगडूबांचा फोटो होता. लंबगोल चौकट, गळ्यात झेंडूचा हार, कपाळभर कुंकू आणि चौकटीखाली तेवणारी समई. कडेला कुणाचा तरी अर्धा खांदा. आता मला सांगा, मराठी माणूस यावरून काय समजेल? मी समजले आणि लिहिलं, 'दिवंगत दगडूबांच्या पश्चात हा एकच अल्बम आपल्यापाशी उरला आहे.' तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे असंही लिहिलं, की शेवटच्या गाण्यात आवाज जो भरून येतो त्यात मृत्यूची चाहूल लागते.

मग पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळामास्तरणीचं, एकही चूक नाही. 'आपला लेख वाचला. माझे वडील दगडूबा जिवंत आहेत. मात्र त्यांनी गाणे थांबवले आहे. आपण स्वतः यावे, पत्राने भागणार नाही. आपली, मंगल.'

पहिल्या वाक्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण झोप उडवली ती दुसऱ्या वाक्याने. चुकीचा शब्द दुरुस्त करता येतो. थांबलेलं गाणं कसं दुरुस्त करायचं? माझ्या एका शब्दाने एक माणूस गायचा थांबला, हे घेऊन मी जन्मभर कुठल्या तोंडाने अल्बम ऐकणार होते? संपादक म्हणाले, पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकू. मी रजा टाकली.

जालना

मी जालन्यात उतरले आणि सरळ पिंपळगावला गेले नाही. भित्रा माणूस आधी आजूबाजूची चौकशी करतो. कॅसेटवर जालन्याच्या एका दुकानाचा शिक्का होता, तिथे गेले. दुकानदार पन्नाशीचे, तोंडात पान, बोलण्यात उर्दूची मजेदार फोडणी. अल्बम त्यांनीच मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केला होता. मी पुण्याहून त्या कॅसेटसाठी आले म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि न विचारता चहा मागवला. आमच्याकडे चहा घेणार का असं विचारून समोरच्याला नाही म्हणायची सोय करून देतात. इथे ती सोय नाही.

मी कव्हर पुढे केलं आणि विचारलं, ही चौकट, ही समई कशासाठी?

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, की छापणाऱ्याकडे लंबगोल चौकटीचा, खाली समई असलेला तेवढाच एक ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, होता. निधनाच्या जाहिरातीही त्याच्यातच छापायचा आणि लग्नाच्या पत्रिकाही. हार म्हणाल तर दगडूबा माहूरच्या देवीला जाऊन आले तेव्हा गावाने सत्कार केला, त्या दिवशीचा तो फोटो. त्यात दोघं होते. दगडूबा आणि तुणतुणंवाला लिंबाजी. पण लंबगोलात एकच डोकं मावायचं.

मी छापखान्यात वीस वर्षं काढलेली बाई. असले ब्लॉक माझ्या हाताखालून शेकड्याने गेलेले. एका ब्लॉकने मला फसवलं म्हणून स्वतःचाच राग आला. आणि शेवटच्या गाण्यातला तो भरून आलेला आवाज? "सर्दी व्हती त्यान्ला," दुकानदार म्हणाले. "मी म्हनलं आठ दिवस थांबू, पर त्यान्ला ज्वारी काढायची जल्दी."

त्या दिवशी लॉजवर आरशासमोर उभी राहून मी माफीचं भाषण पाठ केलं. 'आदरणीय दगडूबा, माझ्या हातून अनवधानाने' इथपर्यंत आले आणि मागे वळून बघते तर पाण्याचा जग घेऊन वेटर दारात उभा. त्याने जग ठेवला, अतिशय सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

अंबड

दुसऱ्या दिवशी एसटीने अंबड. जायचं होतं उत्तरेला आणि मी निघाले दक्षिणेला. याला मी चौकशी म्हणत होते. दुसरं कुणी असतं तर पळ काढणं म्हणालं असतं. पण आमच्या त्रैमासिकाचा त्या भागातला एकुलता एक अंक अंबडच्या एका वाचनालयात यायचा, म्हणजे बातमी फुटली ती तिथूनच. बाजाराचा दिवस होता. मोसंब्यांचे ढीग, दोरखंडं, बांगड्या भरणारे कासार, कोर्टाच्या तारखेला आलेले आणि तारीख मिळून परत चाललेले लोक. त्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराने तो टाका घालून दिला तो आजही टिकून आहे, पुण्यात घेतलेली चप्पल मात्र बाकी सगळीकडून गेली.

वाचनालयाचे ग्रंथपाल निवृत्त शिक्षक. मी नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. माझा लेख त्यांना फार आवडला होता. इतका, की त्यांनी दगडूबांची शोकसभा घेतली. कॅसेटचं कव्हर टेबलावर उभं केलं, फूल वाहिलं, टेपवर गाणं लावलं आणि आठ सभासद दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. दगडूबा जिवंत असल्याचं कळलं तेव्हा इतिवृत्तात नोंद होऊन गेली होती. शोकसभा रद्द कशी करायची याचा नियमच घटनेत नाही, असं ते खऱ्या काळजीने म्हणाले. मला हसावं की रडावं ते कळेना.

पण पुढचं ऐकून हसू गेलं. शोकसभेच्या दिवशीही बाजार होता. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर असलेला लिंबाजी पिशवी घेऊन बाजाराला आला होता. वाचनालयावरून जाताना त्याला वरच्या खिडकीतून स्वतःचंच तुणतुणं ऐकू आलं. कोण वाजवतंय म्हणून तो जिना चढून आला, तर आठ माणसं माना खाली घालून उभी आणि पुढ्यात दगडूबांचा फोटो, फूल, उदबत्ती. कुणी त्याला काही सांगायची गरजच पडली नाही. पिशवी तिथेच टाकून तो खाली उतरला आणि समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याने मिशी उतरवली.

"ना नात्याचा, ना भावकीतला," ग्रंथपाल म्हणाले. "आन दोन वर्षं त्या दोघांचं बोलनं बंद व्हतं. तरी पन."

ती पिशवी अजून वाचनालयात होती. आत वाळलेली मेथी. मी ती उचलली. कुणाकडे तरी जायचं असेल तर आधी लिंबाजीकडेच, हे मला कळून चुकलं.

अंकुशनगर

तिसऱ्या दिवशी पोचले. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्ताभर, आणि हवेत मळीचा असा वास की पहिल्या तासात नकोसा होतो आणि दुसऱ्या तासात जाणवतही नाही. कामगारांच्या वसाहतीत लिंबाजीचं घर सापडायला वेळ लागला नाही. पाळी संपवून तो नुकताच आला होता. काटक, पन्नाशीपुढचा माणूस, आणि नाकाखाली तीन आठवड्यांची पांढरीकाळी खुरटी वाढ.

मी पिशवी पुढे केली आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्याने ते मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग तोंडावरून हात फिरवला.

"बावीस वर्साची मिशी व्हती, बाई."

एवढंच. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. त्याच्या बायकोने येसराची आमटी आणि भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसाला घालून केलेलं पीठ. पाहुणा अचानक दारात आला तरी पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी तयार. आमच्याकडे पाहुणा न कळवता आला तर आधी चेहरा तयार करावा लागतो.

जेवताना त्याने भांडणाचं सांगितलं. अल्बम निघाला, कव्हर हातात आलं, आणि त्यावर त्याचा फक्त खांदा. नावही नाही. दगडूबा म्हणाला, छापणाऱ्याने केलं. हा म्हणाला, तू कामून पाह्यलं न्हाई? तेवढ्यावर दोन वर्षं गेली. अंबडहून मिशी उतरवून तो तीन एसट्या बदलत पिंपळगावला पोचला होता, मयत होऊन गेली असेल तर निदान दहाव्याला तरी हजर राहावं म्हणून. वाड्यात शिरला तर दगडूबा ओसरीवर शेंगा फोडत बसलेला. लिंबाजीने खांद्यावरच्या टॉवेलने त्याला बडवला. मग दोघं गळ्यात पडून रडले.

मी म्हटलं, मग आता सगळं ठीक झालं ना? ते गातात ना परत?

त्याने मान हलवली. न्हाई. मी विचारलं, माझ्या लेखामुळे? तो म्हणाला, तिथं गेल्याबिगर ते तुम्हाला कळायचं न्हाई, सकाळी मी येतो संगं, पाळी बदलून घेतली हाये. आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "तुमचं तिथं काम हाये."

काय काम, ते काही केल्या सांगेना.

पिंपळगावच्या वाटेवर

दिवसभराचा प्रवास, अंबड, जालना, भोकरदन असा टप्प्याटप्प्याने. कंटाळा वाचकांवर घालत नाही. फक्त एक गोष्ट. माझ्याजवळ वॉकमन होता आणि त्यात अमेरिकेतल्या कापूसपट्ट्यातल्या एका म्हाताऱ्याची टेप. माझ्या मते ती प्रत्येकाने ऐकावी अशी. एक गिटार, एक आवाज आणि ताल धरणारा स्वतःचाच पाय. लिंबाजीला मी एक इअरफोन दिला. त्याने तो हाताने दाबून धरला आणि खिडकीबाहेर बघत दोन गाणी ऐकली. बाहेरही वेचणी उरकलेला कापूसच होता.

"गळा चांगला हाये," तो म्हणाला. "पर ह्याचा झीलकरी कुठं हाये? एकटाच आरडून राह्यला बिचारा."

मी सांगितलं, हे असंच एकट्याने गातात.

"भांडन झालं आसंल," लिंबाजी म्हणाला आणि इअरफोन परत दिला.

त्या टेपवर मी दोन वेळा लिहिलं होतं. एकाकीपणाचं सौंदर्य वगैरे बरंच काही. त्याला कुणी सोबती नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

पिंपळगाव रेणुकाई

उन्हं कलायच्या बेताला पोचलो. लिंबाजीने सकाळीच एका कंडक्टरकडून निरोप धाडला होता, त्यामुळे मंगल स्टँडवर आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिशीची, पोस्टकार्डासारखीच नीटनेटकी. घरी न नेता तिने आम्हाला थेट शेतात नेलं. ज्वारी हुरड्यात होती. बांधालगत गोवऱ्यांचा आर पेटलेला, त्यात कणसं भाजायला घातलेली, आणि आराशेजारी फटकुरावर बसून तळहातावर कणीस चोळणारा एक उंच, सडपातळ म्हातारा. लंबगोलातून बाहेर आलेला.

भाषण सगळं विसरले. त्यांनी वर पाहिलं.

"तुम्हीच का मला मारलं?" दगडूबा म्हणाले. "बसा. हुरडा खा, गरम हाये."

मी बसले. माझ्या ओंजळीत हुरडा पडला, वर तीळ-लसणाची चटणी. त्या हुरड्याची चव मी सांगू शकत नाही, कारण पहिला घास गिळताना मी रडत होते. दगडूबांच्या पत्नी गयाबाई यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि इतक्या प्रेमाने पाणी दिलं की मी चक्रावले. ज्या बाईला तिचं कुंकू पुसल्याची बातमी मी छापून दिली ती माझी उस्तवार कशासाठी करत होती?

मग गयाबाईंनी सांगितलं. भाद्रपदात पितरांना पान ठेवायला दगडूबा पत्र्यावर चढले होते. घास ठेवून वळले, तर कावळा घासावर न बसता त्यांच्या डोक्यावर बसला. कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाचा सांगावा असं इकडे धरतात. त्यावर उपाय एकच. तो माणूस गेला असं खोटं कळवायचं, आणि ते ऐकून कुणीतरी जिवाभावाचं खरोखर रडायला हवं. रडलं की मरण तेवढ्यावर भागतं.

"भावकीला सांगून काय उपेग? समदे इथंच, समद्याला ठाव. खरं रडनारा एकच व्हता." त्यांनी लिंबाजीकडे पाहिलं. "मी म्हनलं, धाडू का चिठ्ठी अंकुशनगरला? तर हे म्हनले, बिलकुल न्हाई."

दगडूबा आरातलं कणीस फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "आधीच दुखावलेला मानूस. त्याला खोटं सांगून रडवायचं व्हय?"

उपाय झाला नाही, म्हणून गाणं थांबलं. अंगावर मरण घेऊन देवीच्या दारात उभं राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. नवरात्रात रेणुकेसमोर दुसऱ्या मेळ्याने गायलं. दगडूबा घरात बसून ऐकत राहिले. तेव्हा मला कळलं की गाणं माझ्यामुळे थांबलेलं नव्हतं. ते माझ्या लेखाच्या चार महिने आधीच थांबलं होतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या बांधावर समजलं. मी चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आणि असं सगळं अडून बसलेलं असताना माझा लेख आला. पुण्याच्या कुणा अनोळखी बाईने, कुणी न सांगता, खोटी बातमी छापली. लिंबाजी रडला. मिशीसकट रडला. सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त एक शेवट राहिला होता. ज्याने बातमी दिली त्यानेच येऊन ती खोटी होती असं तोंडाने म्हणायचं. त्याशिवाय ते फिटत नाही. पोस्टकार्ड त्यासाठी होतं.

मी मंगलकडे पाहिलं. तिने स्वच्छ सांगितलं, "मला कावळ्याचं पटत न्हाई, मॅडम. वर्गात मुलांना मी उलटंच शिकवते. पण बाबा गात न्हाईत, ते मला त्याच्याहून पटत न्हाई."

माझंही मत तेच होतं, आणि त्याहून चांगल्या शब्दांत मला ते मांडता आलं नसतं. मी उभी राहिले. पर्समधून शुद्धिपत्राचा कागद काढला, जो संपादकांना द्यायचा होता, आणि वाचायला लागले. 'मागील अंकात दगडूबा यांचा उल्लेख अनवधानाने...'

"ते न्हाई," लिंबाजी म्हणाला. "चुकले म्हना. बराबर तोंडानं."

वीस वर्षांत मी हजारो चुका लाल शाईने गोल केल्या असतील. मी चुकले असं मोठ्याने म्हटलेलं मला आठवत नाही. कागद घडी करून ठेवला आणि म्हटलं, "मी चुकले. बातमी खोटी होती. दगडूबा जिवंत आहेत."

आराचा धूर डोळ्यांत जात होता. दगडूबांनी हात झटकले, लुगड्याच्या फडक्यात बांधून आणलेलं गाठोडं गयाबाईंनी पुढे सरकवलं. त्यात संबळ होता. तो आधीच आणून ठेवला होता या बाईने. लिंबाजीने पिशवीतून तुणतुणं काढलं, मी आणून दिलेल्या त्या मेथीच्याच पिशवीत त्याने ते आज सकाळी ठेवलं होतं. खुंटी पिळली, तार कानाशी धरली, पुन्हा पिळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही आणि एकाच क्षणी सुरुवात केली.

साडेचार महिने न गायलेला गळा. पहिल्या ओळीला तो फाटला. दुसऱ्या ओळीला लिंबाजीने खालून झील लावली, आणि तिसऱ्या ओळीपासून ते दोन आवाज वेगळे काढता येईनात. मी कॅसेट शंभर वेळा ऐकली होती. त्यात हे काहीच नव्हतं. शेतात कामाला आलेली माणसं कणसं हातात घेऊन बांधावर येऊन बसली. शेवटच्या कडव्यात गाणारा स्वतःचं नाव घालतो. कॅसेटवर तिथे फक्त दगडूबांचं नाव आहे. त्या दिवशी ते असं होतं:

'दगडू तुझ्या दारी आई, उभा जोडूनिया हात,
लिंबा धरी झील म्हणून पुरी होते माझी बात.'

लिंबाजीची झील त्या ओळीवर एकदाच चुकली. बाकी सगळं बराबर होतं.

निघताना गावाने माझा सत्कार केला. नारळ, खण आणि गळ्यात हार. फोटोवाला समोर उभा राहिला तशी मी घाईने हार काढला. सगळे हसले, दगडूबा सगळ्यांत जास्त.

पुणे

शुद्धिपत्र छापून आलं. त्यात 'अनवधानाने' हा शब्द नाही. संपादकांना ते जरा गावठी वाटलं, पण मी एक अक्षर बदलू दिलं नाही.

त्या दोघांनी नवी कॅसेट काढली, पण लगेच नाही. दुकानदार घाई करत होते, लिंबाजी अडून बसला. मिशी पुरी आल्याबिगर फोटो काढायचा न्हाई. मिशी यायला पावसाळा उजाडला. आता कॅसेट माझ्यासमोर आहे. चौकोनी फोटो, दोन माणसं, दोघांची नावं एका मापाच्या अक्षरांत. हार नाही, समई नाही. मिशी दांडगी आहे.

यावर लेख लिहायला बसले तेव्हा आधी मंगलला पोस्टकार्ड टाकलं. दोघांची प्रकृती कशी आहे ते कृपया कळवावे, त्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही. आठ दिवसांत उत्तर आलं. तेच नीटनेटकं अक्षर, फक्त या वेळी घरात बोलतात तसं लिहिलेलं.

'दोघेही आहेत. ओसरीवर भांडून राह्यलेत. तुम्ही लिहा.'